स्कर्टची लांबी गेटवर मोजू नका: शाळेसाठी आणि पीटीएसाठी थोडं प्रॅक्टिकल

मी नवी मुंबईतल्या एका शाळेत सतरा वर्षं शिकवलं, त्यातली सहा वर्षं माझ्याकडे डिसिप्लिनची ड्युटी होती, म्हणजे सकाळी पावणेसातला गेटवर उभं राहायचं आणि नखं, केस, बूट, मुलींचे स्कर्ट बघायचे. नियम होता गुडघ्याखाली दोन इंच, आणि जिच्याबद्दल शंका येईल तिला गुडघ्यावर बसवून फूटपट्टी लावायची, आमच्या आधीच्या बाई तसंच करायच्या म्हणून आम्हीही करायचो. एका जूनमध्ये सातवीतल्या एका मुलीला मी असंच कॉरिडॉरमध्ये बसवलं, मागून दहावीच्या मुलांची लाइन चाललेली, आणि ती मुलगी पुढचे दोन दिवस शाळेतच आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई आली. महापे एमआयडीसीत पॅकिंगला होत्या त्या, हाफ डे टाकून आलेल्या. पिशवीतून स्कर्ट काढला, माझ्या टेबलावर उलटा केला आणि म्हणाल्या, "मॅडम, दुमडीत आता कापडच उरलेलं नाही, उसवू कुठून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तो उलटा केलेला स्कर्ट डोक्यातून गेला नाही, आणि मग हळूहळू लक्षात आलं की हा सगळा प्रश्न मुळात शिवणाचा आहे, आपण तो मुलीच्या वागण्याचा करून ठेवलाय. मोजायचंच असेल तर कापड मोजा, तेही शिवायच्या आधी, दुकानात नाहीतर टेलरच्या टेबलावर. शाळेत मुलगी आली की तिच्या पायाला पट्टी लावायची वेळच यायला नको. हे कसं करायचं ते खाली लिहिलंय, यातलं बरंचसं आम्ही नंतर करून बघितलेलं आहे.

आधी स्कर्ट आखूड का होतो ते बघा

आखूड स्कर्ट दिसला की शाळेत एकच अर्थ लावतात, मुद्दाम केलंय. खरं तर तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींना वेगळं उत्तर लागतं. पहिली म्हणजे मुलगी वाढली. साधारण दहा ते चौदा या वयात मुलींची उंची झपाट्याने वाढते, सगळ्यात जोराच्या वर्षात सात-आठ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन इंच, आणि त्यात आधी पाय वाढतात, धड मागून वाढतं. म्हणजे जूनमध्ये बरोबर गुडघ्यावर असलेला स्कर्ट फेब्रुवारीत वर गेलेला असणार, तिने काहीही न करता. सहावी-सातवीच्या वर्गात जा, हे अर्ध्या मुलींचं झालेलं दिसेल, आणि नेमक्या ह्याच वयात त्यांना आपल्या शरीराबद्दल सगळ्यात जास्त संकोच असतो, आणि नेमकं तेव्हाच आपण त्यांना चारचौघांत उभं करतो.

दुसरी गोष्ट पैशाची. मोठ्या बहिणीचा स्कर्ट, शेजारच्या ताईचा स्कर्ट, नाहीतर दोन वर्षं चालवायचाच म्हणून चालवलेला. कळव्याला, दिघ्याला, तुर्भ्याला, घणसोलीच्या चाळींमध्ये अशी कितीतरी घरं आहेत, जिथे जूनमध्ये फी, वह्या, बूट, छत्री, रेनकोट आणि दोन मुलांचे युनिफॉर्म सगळं एकदम येतं. त्या घराला डायरीत लाल पेनाने रिमार्क पाठवून कापड लांब होत नाही.

तिसरी, कमरेत दुमडून वर घेतलेला स्कर्ट. हे असतंच, नाही म्हणायचं कारण नाही. पण त्यातही विचारून बघा, कितीतरी मुली सांगतील की कंबर सैल आहे, आईने तीन वर्षांचा विचार करून मोठा घेतलाय आणि दोन घड्या घातल्याशिवाय तो कमरेवर राहतच नाही. आणि कुणी नुसतं मैत्रिणी करतात म्हणून, छान दिसतं म्हणून केलं असेल तर तेही वयाला धरूनच आहे. सतरा वर्षांत एकीचंही गणित दोन इंचामुळे बिघडलेलं मी पाहिलं नाही.

नियम लिहायला बसाल तेव्हा

मुख्याध्यापिका, दोन शिक्षिका, पीटीएतल्या, म्हणजे पालक-शिक्षक संघातल्या, दोन-तीन आया, आणि सहावी ते दहावीतल्या प्रत्येक वर्गातली एक मुलगी, एवढे लोक एका खोलीत बसवा. मुलींना बोलवल्याशिवाय हा नियम लिहूच नका, कारण तो स्कर्ट घालून दिवसभर त्याच बसतात, त्याच जिना चढतात. त्यांना विचारा की कुठे अडचण होते. आमच्या मुलींनी जे सांगितलं ते आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं: पुढच्या बेंचला समोरून फळी नाही, सायन्स लॅबची स्टुलं उंच आहेत, स्टेजवर पहिल्या रांगेत बसवलं की हात सतत मांडीवर ठेवायला लागतात, आणि एकवीस जूनला योगा डेला स्कर्टवरच आसनं करायला लावतात. यातल्या एकाही गोष्टीला लांबीच्या नियमाने काही होत नाही. बेंचला समोरून प्लायची फळी ठोकून घेतली, योगाच्या दिवशी आणि पीटीच्या दिवशी घरूनच ट्रॅक पँट घालून यायला सांगितलं, संपला विषय.

ठाकुर्ली, कल्याण, मुंब्र्याहून लोकलने येणाऱ्या मुली असतील, टीएमटीच्या नाहीतर एनएमएमटीच्या बसला लटकून येणाऱ्या असतील, सायकलवरच्या असतील, त्यांचंही ऐका. फार लांब स्कर्टसुद्धा त्रासाचाच असतो, सायकलच्या चेनमध्ये अडकतो, बसच्या पायरीवर पायाखाली येतो, आणि जुलैत रस्त्यावर घोट्याएवढं पाणी साचलं की ओला होऊन पायाला चिकटतो आणि मग पहिले तीन तास तसाच अंगावर वाळतो. लांब म्हणजे सेफ असं समजून लोक नियम करतात, पावसात घरून शाळेपर्यंत एकदा तसं चालून बघावं त्यांनी.

मग वाक्य लिहा, आणि ते असं काहीतरी असू दे: "स्कर्ट गुडघ्याच्या आसपास असावा, वर किंवा खाली दोन-अडीच इंचांचा फरक चालेल. वर्षाच्या मध्ये उंची वाढल्यामुळे आखूड झालेला स्कर्ट नियमभंग समजला जाणार नाही. मुलांच्या हाफ पँटलाही हेच लागू." शेवटचं वाक्य मुद्दाम घाला, कारण मुलांच्या हाफ पँट कितीतरी वर असतात आणि त्याबद्दल कुणी त्यांना कधी बसवून मोजलेलं नाही.

कुठले शब्द नकोत ते पण सांगते. शालीन, सभ्य, शोभेल असा, मुलांचं लक्ष विचलित होईल असा, चांगल्या घरातल्या मुली, हे काहीही नियमात नको आणि बोलण्यातही नको. बारा वर्षांच्या मुलीला हे ऐकवलं की ती एवढंच शिकते की माझ्या पायांमुळे दुसरा कुणी बिघडतो आणि ती माझी जबाबदारी आहे. तो बिघडत असेल तर त्याला बोलवा.

आणि स्कर्ट हा एकच पर्याय ठेवू नका. स्कर्ट, डिव्हायडेड स्कर्ट (स्कर्टसारखी दिसणारी सैल पँट), फुल पँट, सलवार-कमीज, एकाच रंगाच्या कापडात चारही शिवता येतात, जिला जे हवं ते तिने घालावं आणि का घातलं म्हणून तिला विचारू नये. स्कर्टच्या आत गडद रंगाची सायकलिंग शॉर्ट्स किंवा घोट्यापर्यंत लेगिंग्ज घालायचीही मोकळीक द्या. कुणाच्या घरची रीत असेल, कुणाला पायावरचे डाग झाकायचे असतील, कुणाला नुसतं पळायचं असेल, ते तिचं तिच्याजवळ. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वलयनचिरंगराच्या सरकारी प्राथमिक शाळेने मुलामुली सगळ्यांना गुडघ्यापर्यंतची पँट आणि शर्ट असा एकच युनिफॉर्म केला. मग डिसेंबर २०२१ मध्ये कोळिकोडजवळच्या बालुश्शेरीच्या सरकारी मुलींच्या शाळेत अकरावीला पँट-शर्ट आला, तिथे कितीतरी मुली खूश होत्या, पण आमच्यावर लादू नका म्हणून काही संघटनांनी विरोधही केला. त्यावरून मला तरी हेच वाटतं की स्कर्ट काढून पँट सक्तीची करण्यापेक्षा दोन्ही ठेवून निवड मुलीकडे द्यावी. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये तर एका शाळेने मुलींना स्कर्टच घालायला लावला म्हणून पालक कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये फेडरल अपील कोर्टाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली.

टेलरला काय सांगायचं, ही खरी कामाची गोष्ट

बहुतेक शाळा इथेच ढिल्या असतात. दुकानदार "पाचवीचा साइज", "सातवीचा साइज" असं विकतात, पण एका वर्गातल्या दोन मुलींमध्ये वीतभर फरक असतो. तेव्हा दुकानदाराकडून उंची आणि कमरेवरून साइज चार्ट मागून घ्या आणि तोच पालकांना पाठवा. जांभळी नाक्याकडचे किंवा वाशीतले जुने युनिफॉर्मवाले हे व्यवस्थित करून देतात, आपण मागत नाही एवढंच.

ऑर्डर देताना लिहून द्या: पाचवी ते आठवीच्या स्कर्टला खाली चार इंच दुमड, बाजूच्या शिवणीत प्रत्येकी इंचभर माया (आत सोडलेलं जास्तीचं कापड), कमरेला मागच्या बाजूने इलॅस्टिक किंवा दोन काजं. रेडीमेडमध्ये कापड वाचवायला दुमड इंचभरच ठेवतात आणि सगळी भांडणं त्या उरलेल्या तीन इंचांची असतात. चार इंच दुमड असली की दर वर्षी थोडी उसवून तोच स्कर्ट दोन वर्षं चालतो, आणि कंबर मागेपुढे करता आली की घड्या घालायचीही गरज पडत नाही. टेरिकॉटचं कापड फार आटत नाही पण कॉटनचं किंवा मिक्स असेल तर शिवायच्या आधी एकदा भिजवून घ्यायला सांगा.

उसवल्यावर एक रेघ दिसते, जुन्या दुमडीची, खालचं कापड गडद आणि वरचं विटलेलं. मुलींना त्या रेघेची लाज वाटते म्हणून त्या उसवायला तयार नसतात, आखूड घालतील पण रेघ दाखवणार नाहीत, हे मला एका आईनेच सांगितलं. त्यावर दोन उपाय. एक तर रेघेवर त्याच रंगाची किंवा शाळेच्या बॉर्डरच्या रंगाची फीत मारून द्यायची, टेलर दहा मिनिटांत मारतो. दुसरा म्हणजे बाईंनी वर्गात एकदा मोकळेपणाने सांगायचं की रेघ असलेला स्कर्ट आपल्या शाळेत चालतो, त्यावर कुणी कुणाला काही बोलायचं नाही.

एकाच दुकानातून घ्या अशी सक्ती नको. कापडाचा नमुना आणि रंगाचा नंबर नोटीस बोर्डावर लावा, ज्यांना घरी शिवायचं ते शिवतील. सीबीएसईने २०१७ मध्येच शाळांना सांगितलं होतं की आवारात पुस्तकं-युनिफॉर्म विकायचा धंदा बंद करा.

आणि एक कपाट ठेवा. एप्रिलमध्ये रिझल्टच्या दिवशी पालक येतातच, त्यांना सांगा आखूड झालेले चांगले स्कर्ट धुऊन, इस्त्री करून आणा. त्यावर उंचीप्रमाणे चिठ्ठ्या लावायच्या आणि जूनच्या आधी एक शनिवार ठेवायचा, ज्याला हवं त्याने घेऊन जावं, नाव लिहायचं नाही, पावती नाही. आम्ही पहिल्या वर्षी तीस-बत्तीस जोड जमवले होते, आणि घेऊन जाणाऱ्यांमध्ये चांगल्या सोसायट्यांतले पालकही होते, कारण सगळ्यांनाच कळतं की वाढत्या मुलीचे स्कर्ट म्हणजे सहा महिन्यांचा खर्च आहे. त्याच कपाटात दोन-चार गडद स्कर्ट आणि पॅड वेगळे ठेवा आणि किल्ली मावशींकडे द्या, बाईंकडे नको, मुली मावशींकडे जास्त पटकन जातात. पीटीचा ड्रेस पांढरा असेल तर तो बदलायचाच विचार करा. विंबल्डनसारख्या सगळं पांढरं घालायला लावणाऱ्या स्पर्धेने २०२३ पासून बायकांना आत गडद शॉर्ट्स घालायची परवानगी दिली, मग आपल्या शाळेला पांढऱ्याचाच हट्ट कशाला.

झेडपी आणि महापालिकेच्या शाळांचं थोडं वेगळं आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून दोन युनिफॉर्मचे सहाशे रुपये येतात, म्हणजे एकाला तीनशे, त्यात चार इंच दुमडीचं कापड बसवणं सोपं नाही. २०२४ मध्ये एक राज्य एक गणवेश करून सगळीकडे एकसारखा ड्रेस पाठवायचा प्रयत्न झाला, कितीतरी मुलांना महिनोन्महिने ड्रेस मिळाले नाहीत, मिळाले ते मापात नाहीत अशा तक्रारी आल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले. तर आता समितीतल्या आयांनी हे धरून बसायला हवं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे त्या समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका, म्हणजे ठरवणारे तुम्हीच आहात. मोजमाप घेऊनच शिवायचं, दुमड जास्त ठेवायची, एवढं ठरावात लिहून घ्या.

बघायचं कुणी, कधी आणि कसं

वर्षातून दोनदा, जुलैत आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, बास. तेही स्कर्ट बघायचा नाही. प्रगतिपुस्तकात उंची-वजनाचा रकाना असतोच, ती उंची आपण घेतोच, तिथेच बघा. मागच्या नोंदीपेक्षा तीन सेंटिमीटरच्या वर वाढ दिसली की त्या मुलीच्या घरी, मुलगा असेल तर त्याच्याही घरी, एक साधी चिठ्ठी जाऊ दे: "आपल्या पाल्याची उंची छान वाढली आहे. युनिफॉर्मची दुमड उसवून घ्यावी लागेल का ते सवडीने पाहावे. शाळेच्या कपाटात मोठ्या मापाचे कपडे आहेत." कुणाला हात लावला नाही, कुणाला उभं केलं नाही, आणि काम झालं. आम्ही हे सुरू केल्यावर गेटवरची लाइन आपोआप बंद पडली.

मधे कधी बोलायची वेळ आलीच तर ते वर्गशिक्षिकेने, एकटीशी, आणि दोन वाक्यांत. "अगं, केवढी उंच झालीस! दुमडीत कापड आहे का बघायला सांग हं आईला." एवढंच. दुमडून घातलेला असेल तर, "कंबर सैल होतेय का तुला? मावशींकडे सेफ्टी पिन आहे." मुलगी हुशार असते, तिला कळतं. सरांनी या विषयात मुलीशी बोलूच नये, फार वाटलं तर वर्गशिक्षिकेला सांगावं.

काय अजिबात करायचं नाही ते मात्र कडकपणे लिहून स्टाफरूममध्ये लावा. गुडघ्यावर बसवायचं नाही. पट्टी, टेप लावायचा नाही. सगळ्यांसमोर दुमड उसवायची नाही, असं करणारे आहेत म्हणून लिहितेय. वर्गाबाहेर उभं करायचं नाही, घरी पाठवायचं नाही, दंड घ्यायचा नाही, परीक्षेला बसू न देणं तर नाहीच नाही. पायांवर, अंगावर, जाडीवर एक शब्द नाही. जाड मुलीचा तोच स्कर्ट मागून वर दिसतो आणि बोलणी तीच जास्त खाते, हे प्रत्येक शाळेत होतं. आणि पुरावा म्हणून मोबाइलमध्ये फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही, कुठल्याच परिस्थितीत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही मना आहेत. गुडघ्यावर बसवणं यात येतं, असेंब्लीत नाव घेऊन उभं करणंही येतं. मी जे केलं तेही यातच येत होतं आणि ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, म्हणून मी आता नवीन शिक्षिकांना पहिल्याच आठवड्यात सांगते.

कुणी जिन्याखालून बघतोय, फोटो काढतोय, बस स्टॉपवर काही बोलतोय असं मुलीने सांगितलं तर पहिला प्रश्न तिच्या स्कर्टबद्दल येता कामा नये. ती तक्रार सखी सावित्री समितीकडे, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षेसाठी शाळेत असणाऱ्या समितीकडे, जायला हवी, मार्च २०२२ पासून राज्यात प्रत्येक शाळेत ही समिती असायला हवी, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाले त्यानंतर तरी ती कागदावर नको. समितीत कोण आहे त्यांची नावं मुलींच्या टॉयलेटबाहेर लावा, शेजारी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरात लिहा. जिना उघडा असेल तर पायऱ्यांमधल्या फटी पत्र्याने बंद करून घ्या.

पालकांना एवढंच सांगते की मुलीला गेटवर अडवलं तर तिथे भांडू नका, मुलीला अजून लाज वाटते. घरी येऊन चार ओळींचं पत्र लिहा, तारीख घाला, काय झालं, कुणासमोर झालं ते लिहा, लेखी नियम दाखवा म्हणा, आणि पोच घ्या. बहुतेक वेळा असं निघतं की लेखी नियमच नाही, नुसती वहिवाट आहे. वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापिका, मग पीटीएची कार्यकारी समिती, तिथेही नाही झालं तर शिक्षणाधिकारी.

हे सगळं फेब्रुवारीत करा, कारण मार्चमध्ये दुकानदारांच्या ऑर्डरी जातात आणि एकदा कापड कापलं की जूनमध्ये कितीही मीटिंगा घ्या, उपयोग नाही. आणि ऑर्डर जायच्या आधी नमुन्याचा एक स्कर्ट शिवून घ्या, सहावी ते आठवीतल्या वेगवेगळ्या अंगकाठीच्या, स्वतःहून तयार असलेल्या तीन मुलींना तो द्या, जमिनीवर मांडी घालून बसायला सांगा, जिना चढून-उतरून यायला सांगा, लंगडी खेळायला सांगा, मग त्या काय म्हणतात ते लिहून घ्या आणि तो कागद टेलरच्या हातात द्या.